नऊ मिनिटांची घाई

पेरणीला आठ-दहा दिवस झाले आणि काळ्या रानात हिरवी रेघ दिसू लागली, की मराठवाड्या-विदर्भातल्या रस्त्यांवरून जाणारा प्रत्येक माणूस सोयाबीनचा परीक्षक होतो. मोटारसायकल हळू होते, मान वळते आणि निकाल जाहीर होतो, "काय पेरलंय गड्यानं, दोरी लावल्यागत!" ज्याचे तास नागमोडी निघाले त्याला पुढच्या पेरणीपर्यंत पारावर ऐकून घ्यावे लागते. सरळ तासाचे फायदे आहेतच. डवरणी-कोळपणीच्या वेळी बैलाचा पाय किंवा ट्रॅक्टरचे चाक रोपावर पडत नाही. पण खुद्द सोयाबीनला या सरळपणाशी काही देणेघेणे नसते. तास नाकासमोर चाललाय की वळणे घेत, हे रोपाला कळायला मार्ग नाही. त्याला कळते ते एवढेच, की शेजारी किती जवळ येऊन बसलाय. आणि नेमकी हीच गोष्ट रस्त्यावरून दिसत नाही. ती पाहायची तर गाडीवरून उतरावे लागते, धुरा ओलांडावा लागतो, ओल्या रानात गुडघे टेकून बोटाने माती उकरावी लागते. इस्त्रीच्या कपड्यातल्या परीक्षकांना हे परवडत नाही. म्हणून दोन तासांमधल्या अंतरावर गावात भरपूर चर्चा होते, आणि दोन दाण्यांमधल्या अंतरावर उगवण बिघडल्यावरच होते. तीही पेरणी यंत्राच्या नावाने खडे फोडण्यापुरती.

या लेखात यंत्राचे वकीलपत्र घ्यायचे आहे. अशील बोलू शकत नाही, शिवाय वर्षातले अकरा महिने गोठ्याच्या मागे कडबा आणि कोंबड्यांच्या सहवासात काढते, त्यामुळे त्याची बाजू कोणी मांडत नाही. दाणे पुढेमागे पडतात हे आरोपपत्र मान्य आहे. मात्र त्या गुन्ह्यात यंत्राचा वाटा सर्वांत लहान आहे. थोडा वाटा बियाण्याचा आहे, आणि सगळ्यात मोठा वाटा एकरावर भाडे ठरवण्याच्या आपल्या रिवाजाचा आहे. हा रिवाज आपण सगळ्यांनी मिळून पाडलेला असल्यामुळे त्याच्यावर तक्रार नोंदवता येत नाही, आणि यंत्र मात्र आयते समोर उभे असते.

आधी आपण यंत्राकडून काय मागतो ते पाहू. सोयाबीनची नेहमीची शिफारस 45 बाय 5 सेंटिमीटरची. म्हणजे हेक्टरी साधारण 4 लाख 44 हजार झाडे, एकरी 1 लाख 80 हजारांच्या आसपास. आता एकरी पेरायच्या 30 किलोंचा हिशेब करा. शंभर दाण्यांचे वजन 12 ग्रॅम धरले, तर 30 किलोंत अडीच लाख दाणे येतात. जागा पावणेदोन लाखांना आणि बोलावणे अडीच लाखांना! लग्नाच्या पंगतीत उलटे होते, इथे निम्मे-शिम्मे येणार नाहीत हे धरूनच आमंत्रणे काढलेली असतात. बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी असे मानतात, आणि अडीच लाखांचे 70 टक्के म्हणजे बरोबर पावणेदोन लाख. शिफारस करणाऱ्यांचे गणित चोख आहे. पण याचा अर्थ असा, की यंत्राने दाणे पाच सेंटिमीटरवर टाकायचेच नाहीत. अडीच लाख दाणे एकरातल्या जवळजवळ 9 किलोमीटर लांबीच्या तासांत बसवायचे, तर दाण्यागणिक साडेतीन सेंटिमीटरच्या थोडे वर अंतर पडते. पाच सेंटिमीटर ही झाडांची सरासरी आहे, आणि सरासरी कुठल्याही तासात उगवलेली कोणी पाहिलेली नाही.

असो. यंत्राने कमालच केली आणि प्रत्येक दाणा अगदी 3.6 सेंटिमीटरवर टाकला, असे समजा. उगवण 70 टक्के. म्हणजे दहा घरांपैकी तीन रिकामी, आणि ती सोयीने एकाआड एक रिकामी राहत नाहीत. दैव नेईल तशी राहतात. लागोपाठ तीन घरे रिकामी पडण्याची शक्यता शंभरात 2.7. ऐकायला किरकोळ वाटते. पण एकरातल्या पावणेदोन लाख झाडांना ती लावली, की 14 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे खिंडार पावणेपाच हजार जागी पडते. हे सगळे निर्दोष यंत्राने पेरल्यावर! सोयाबीनच्या दाण्याचे कवच आधीच पातळ. मळणी यंत्राच्या फेऱ्यांत तो फुटतो, पोती ट्रकमधून आपटताना मुका मार खातो, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या दाण्यातला अंकुर कधीच निवर्तलेला असतो. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा बियाणे, पाऊस, खोली असे अनेक आरोपी पुढे आले. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते घरच्या घरी पाहण्याची युक्ती कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तिला एक गोणपाट, थोडे पाणी आणि पाच-सहा दिवस लागतात. गोणपाट आणि पाणी बहुतेकांकडे असते.

आता यंत्राची परीक्षा कशी घेतात ते पाहण्यासारखे आहे. एकेक दाणा सुटा टाकणाऱ्या यंत्रांसाठी 1984 सालचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्रमांक 7256. ठरलेल्या अंतराच्या निम्म्याहून कमी अंतर पडले की ते जोडदाणा, दीडपटीहून जास्त पडले की तो गाळा, आणि मधले सगळे ते योग्य. परीक्षक दयाळू आहे हे लगेच लक्षात येते. पण तो किती दयाळू आहे, ते समजायला जरा संभाव्यतेचे गणित लागते. समजा यंत्रच नाही. सरासरी तेवढीच ठेवून दाणे निव्वळ नशिबाच्या हवाली केले, तासात कुठेही कसेही पडू दिले. तर गणित सांगते, की शंभरातली 39 अंतरे जोडदाण्यात जातात, 22 गाळ्यात जातात आणि उरलेली 38-39 चक्क योग्य ठरतात. म्हणजे नशीब कसलाही अभ्यास न करता 35 टक्क्यांची परीक्षा पास होते! म्हणून कोणी "आमच्या यंत्राची निम्मी पेरणी बरोबर पडते" असे छाती फुगवून सांगितले, तर त्यातले 38 गुण नशिबाचे वजा करायला हवेत. ज्या साध्या पेरणी यंत्रात खाचांचा रूळ फिरतो आणि बी धारेने नळीत सोडतो, ते या नशिबाच्या फार पुढे जात नाही, आणि जावे अशी त्याच्या कर्त्याची अपेक्षाही नव्हती. एकरी किलो बरोबर पडले की त्याचे काम झाले. दाणा दाणा मोजण्याची जबाबदारी चकतीच्या प्लँटरची.

ही चकती बिचारी साधी असते. डब्याच्या तळाशी तिरपी बसवलेली, कडेला दाण्याच्या मापाच्या खाचा. खाली बियाण्यात बुडताना प्रत्येक खाचेने एक दाणा उचलायचा, वर नेऊन नळीत सोडायचा. चकतीला फिरवते जमिनीवर टेकलेले चाक, साखळी आणि दात्यांच्या चक्रांमार्फत. मांडणी मोठी हुशारीची आहे. चालकाने वेग वाढवला तर चाक जोरात फिरते, चाक जोरात फिरले तर चकती जोरात फिरते, म्हणजे अंतर तेवढेच राहायला हवे. कागदावर राहते. रानात चाक ढेकळांवरून उड्या मारते, काळ्या चिखलात घसरते, आणि ते जितके घसरले तितके दाणे कमी पडतात, कारण चाकाने मोजलेली जमीन आणि ट्रॅक्टरने कापलेली जमीन वेगळी. खाच मोठी असली तर दोन दाणे बसतात. लहान असली तर एकही बसत नाही किंवा दाणा फुटतो. जबलपूरच्या जे.एस. 335 वाणासाठी घेतलेली चकती कसबे डिग्रजहून आलेल्या जाड दाण्याच्या फुले संगमला तशीच लावली, तर चकतीला दोष देता येत नाही, तिला फक्त अंगात न बसणारे कपडे घालायला सांगितलेले असते. त्यात बीजप्रक्रियेचे औषध आणि रायझोबियम लावून बियाणे सावलीत न वाळवता ओलसरच डब्यात ओतले, की दाणे एकमेकांना आणि डब्याला चिकटून बसतात. बीजप्रक्रिया करावीच, पण नंतर पंख्याखाली अर्धा तास थांबण्याची तयारी हवी, आणि पेरणीच्या दिवशी अर्धा तास कोणाकडे असतो?

आता वेगाचे पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. ट्रॅक्टर ताशी 5 किलोमीटरने चालला तर सेकंदाला 139 सेंटिमीटर जमीन मागे पडते. 3.6 सेंटिमीटरला एक दाणा, म्हणजे प्रत्येक नळीतून सेकंदाला 38-39 दाणे. हा वेग मनात आणून पाहा. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात प्रत्येक खाचेने वाकून दाणा उचलायचा, जादाचा झटकायचा, वर न्यायचा आणि बरोबर क्षणी सोडायचा. वेग ताशी 8 किलोमीटर केला, की सेकंदाला 62 दाणे. आता खाचेला भरायला वेळच मिळत नाही आणि थरथराटाने भरलेली खाचही वाटेत रिकामी होते. बरे, खाचेतून सुटला म्हणजे दाणा जागेवर पडला असेही नाही. पुढे नळीचा प्रवास असतो. एक दाणा सरळ खाली येतो, दुसरा नळीच्या भिंतींवर आपटत येतो आणि सेकंदाच्या फक्त पन्नासाव्या भागाने उशिरा पोचतो. तेवढ्या उशिरात यंत्र ताशी 5 किलोमीटरला पावणेतीन सेंटिमीटर पुढे गेलेले असते, 8 ला साडेचार. म्हणजे 8 च्या वेगाला मागून सुटलेला दाणा आधी जमिनीवर आणि पुढचा त्याच्या मागे, अशी रांगेतली घुसखोरी नळीच्या आतच उरकते. वर कोणी कितीही काटेकोर मोजले तरी खालची ही धक्काबुक्की वेगाने वाढते. आणि वेग चालकाच्या उजव्या पायाखाली असतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वडीलधाऱ्यांकडून येतो. आमच्या काळी तिफण होती, चाडे होते, चाड्यावर मूठ धरणारी बाई होती, कसली चकती अन् कसला वेग, तरी रान कसे भरलेले असायचे! या आक्षेपाला हसण्याचे कारण नाही. तिफणीची अक्कल खरोखर जुनी आहे. इंग्लंडात जेथ्रो टलने 1701 च्या सुमारास पेरणी यंत्र केले आणि तो शोध मानला गेला. पण 1790 च्या दशकात कॅप्टन थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातली पाभरीची पेरणी पाहून लंडनच्या शेती मंडळाला कळवले, की हे युरोपचे नवे कौतुक समजत होतो, इथे तर ते सर्रास चालते आहे. चाड्यावरची मूठ हे एक उत्तम नियंत्रण होते. हाताला बियाण्याचा जाडपणा कळायचा, डोळ्याला बैलांची चाल दिसायची, रान भारी लागले की मूठ आपोआप घट्ट व्हायची. पण त्या पेरणीतही दाणे मोजून पडत नव्हते. फरक दोन गोष्टींचा होता. बैल ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या वर जात नव्हते आणि त्यांना पुढच्या रानात कोणी बोलावलेले नसायचे. शिवाय पेरणी हा कामाचा शेवट नव्हता. दाट झाले तर विरळणी व्हायची, पातळ पडले तर नांगे भरले जायचे, आणि दोन्हींसाठी घरात माणसे होती. आता एकरभर सोयाबीनची विरळणी करायला मजूर बोलवायचे म्हटले, तर पीक मजुराच्या नावावर करून द्यावे लागेल. जुनी पद्धत चूक करायची आणि मागाहून हाताने दुरुस्त करायची. आपण दुरुस्ती रद्द केली आणि चूक चालू ठेवली.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. झाडाला एवढे कुठे कळते? सोयाबीन फांद्या फोडते, मोकळी जागा मिळाली की पसरते, शेजारच्याची उणीव भरून काढते. हे बरोबर आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सोयाबीनच्या बाबतीत दाणा सेंटिमीटरभर इकडे-तिकडे झाल्याने रडायचे कारण नाही. रडायचे कारण दोन टोकांना असते. एका जागी पाच-सहा दाण्यांची गठडी पडली, की सगळी झाडे सडसडीत उंच होऊन लोळतात. हातभर गाळा पडला, की झाड पसरायच्या आत तिथे तण पसरते, आणि तणाला फांद्या फोडण्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नसते. मक्याची गोष्ट निराळी. मका फांद्या फोडत नाही, बहुधा एका ताटाला एक कणीस देतो, आणि गाळा पडला तर तो गाळाच राहतो. म्हणून अंतराची सगळी भांडणे मक्याच्या देशात झाली. पर्ड्यू विद्यापीठातल्या रॉबर्ट नील्सन यांनी 1990 च्या दशकात अंतर बिघडले की उत्पन्न घटते असे आकड्यांनिशी मांडले, आणि तिकडच्या शेतकऱ्यांनी प्लँटरच्या दुरुस्तीवर हिवाळे घालवायला सुरुवात केली. मग 2004 मध्ये कॅनडातल्या ओंटॅरिओच्या संशोधकांनी सांगितले, की झाडांची संख्या तेवढीच असेल तर तासातले अंतर थोडे कमी-जास्त झाल्याने मक्याच्या उत्पन्नात फरक पडत नाही. फरक पडतो तो उगवण मागेपुढे झाल्याने. जे झाड शेजाऱ्यानंतर उगवते ते सावलीत वाढते आणि बहुतेक वेळा तणासारखेच वागते, पाणी-खत घेते आणि कणीस देत नाही. पहिल्या ऐकण्यात हा निकाल वेगवान चालकांच्या बाजूचा वाटतो. पण उगवण मागेपुढे का होते? दाणा कमी-जास्त खोल पडल्याने. आणि दाणा कमी-जास्त खोल का पडतो? यंत्र ढेकळांवरून उडत गेल्याने. म्हणजे अंतराच्या आरोपातून सुटलेला वेग खोलीच्या आरोपात त्याच कोर्टात पुन्हा सापडतो.

गंमत म्हणजे, अमेरिकेतल्या मक्याच्या शेतकऱ्यांनी एकेकाळी अंतराचा असा ध्यास घेतला होता, की आपल्याकडचे सरळ तासांचे परीक्षक त्यांच्यापुढे फिके पडावेत. एकोणिसाव्या शतकात ते अख्ख्या शेतातून गाठी मारलेली तार ताणत. प्लँटर त्या तारेवरून चालायचा आणि प्रत्येक गाठीला, म्हणजे साधारण चाळीस इंचांवर, तीन-चार दाणे पडायचे. तार उचलायची, पुढे सरकवायची, पुन्हा ताणायची. एवढी यातायात झाडांच्या सुखासाठी नव्हती. मका उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी चौकोनात आला, की घोड्याचे कोळपे दोन्ही दिशांनी फिरवता येई आणि खुरपणी वाचे. आपल्याकडे कपाशीच्या चौफुली लागवडीमागेही हेच कारण. तणनाशके आली, घोडे गेले, आणि तारही गेली. तेव्हा समान अंतर हे काही निसर्गाने घालून दिलेले व्रत नव्हे. ज्या काळाला ज्या कामासाठी ते हवे होते, त्या कामापुरते लोकांनी ते पाळले. आज आपल्याला ते हवे आहे कारण बियाणे महाग आहे आणि मागून दुरुस्त करायला माणूस नाही. हे कारण तारेइतके देखणे नाही, पण पोटाचे आहे.

मग चांगले यंत्र घ्या की, असा तिसरा आक्षेप येतो, आणि तो बहुधा ज्याला ते घ्यायचे नसते त्याच्याकडून येतो. हवेच्या दाबावर चालणारे प्लँटर आहेत आणि ते खरोखर गुणी आहेत. पंखा हवा ओढतो, चकतीच्या छिद्राला दाणा चिकटून बसतो, जादाचा दाणा खरवडला जातो, दाणा गोल असो की चपटा, फारसे बिघडत नाही. मक्यासाठी, कपाशीसाठी ते पैसे वसूल करतात. पण जोडदाणा टाळला तरी दाण्याला खाली जायला नळीच असते, नळीतली धक्काबुक्की वेगानेच वाढते, आणि फण उडाला तर खोली बिघडायची ती बिघडतेच. पट्ट्याने दाणा थेट मातीपर्यंत पोचवून जास्त वेगातही अंतर राखणारी यंत्रे परदेशात आहेत. त्यांची किंमत ऐकून दोन-अडीच एकरवाल्याने आधी खाली बसावे हे बरे. आणि ते भाड्याने आणायचे ठरवले, तरी सोबत चालक येतो आणि भाडे एकरावरच ठरते.

आता त्या भाड्याकडे येऊ. पेरणीची रुंदी दोन मीटर धरा. एक एकर म्हणजे 4047 चौरस मीटर, तेव्हा ट्रॅक्टरला दोन किलोमीटरच्या थोडे वर चालावे लागते. ताशी 5 किलोमीटरने 24 मिनिटे, 8 ने 15 मिनिटे. वळायचा वेळ दोन्हीकडे सारखाच. बचत नऊ मिनिटांची. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा सौदा हास्यास्पद आहे. शंभर दिवसांचे पीक, आणि त्याच्या पहिल्या दिवशी नऊ मिनिटे वाचवायची. पण चालकाच्या जागी बसून पाहा. दिवसाला वीस एकर केले तर नऊ मिनिटांचे तीन तास होतात, तीन तासांत आणखी आठ-दहा एकर होतात, आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. पाऊस पडून रान वाफशावर आले, की एकाच सकाळी गावातल्या सगळ्यांना तोच ट्रॅक्टर हवा असतो. ज्याच्या रानात तो चालू असतो त्याच्या धुऱ्यावर पुढचा शेतकरी येऊन उभा असतो, आणि तोच सर्वांत मोठ्याने "आटप की लवकर" म्हणतो. तासाभराने ट्रॅक्टर त्याच्या रानात शिरला, की हाच माणूस "जरा दमानं घे" म्हणू लागतो. पण आता धुऱ्यावर तिसरा उभा असतो. चालक हा यातला एकटाच सुसंगत माणूस आहे. त्याला एकराचे पैसे मिळतात आणि तो एकर पुरे करतो. पैसे दाणा कुठे पडला यावर मिळाले असते, तर तोही गुडघे टेकून माती उकरताना दिसला असता.

यावर तासाच्या दराचा उपाय काही ठिकाणी करून पाहतात. त्याचा परिणाम तत्काळ होतो. कालपर्यंत रान उधळत जाणारा तोच ट्रॅक्टर एकदम चिंतनशील होतो, वळणावर थांबून मागे वळून पाहतो, नळ्या तपासतो, साखळीला तेल देतो आणि चहालाही नाही म्हणत नाही. अंतराच्या दृष्टीने ही सर्वोत्तम पेरणी असते. पण ती पुरी होईपर्यंत ओल उडून जाते आणि बिल पाहून मालकाची झोपही. अडचण दराच्या मापात आहे हे खरे, पण माप बदलल्याने घाईची जागा आळस घेतो, आणि दोघांपैकी आळस किंचित महाग पडतो. त्यापेक्षा दर एकरावरच ठेवून थोडा वाढवून द्यावा आणि त्या जादा पैशांत वेगाची अट विकत घ्यावी, हे शहाणपणाचे. नऊ मिनिटांचा मोबदला चालकाने उघड मागावा आणि शेतकऱ्याने उघड द्यावा. सध्या शेतकरी तो पैशांनी देत नाही, म्हणून चालक तो दाण्यांनी वसूल करतो, आणि पावती दहा दिवसांनी उगवते. धुऱ्यावरचा पुढचा शेतकरी या कराराला विरोध करील, पण त्याच्याच रानात पोचल्यावर तो त्याचा कट्टर पुरस्कर्ता होईल, तेव्हा त्याची फार काळजी नको.

अट घातली तर ती पाळली गेली की नाही हे पाहणार कोण, हा शेवटचा आक्षेप रास्त आहे. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुठले चक्र लावले तर किती अंतर पडते याचा तक्ता चिकटवलेला असतो. तो कोणी वाचत असल्याचा पुरावा नाही, आणि दोन हंगामांनंतर तो वाचण्याच्या अवस्थेतही नसतो. यंत्र उचलून, चाक हाताने ठरावीक वेळा फिरवून, नळ्यांखाली पिशव्या बांधून पडलेले बी तोलण्याची पद्धत चांगली आहे, पण ती अंगणातली. अंगणात ढेकळे नसतात आणि चाक घसरत नाही. शिवाय यंत्र उभ्या उभ्या खाली टेकवले, की फणाच्या तोंडात चिखलाचा बोळा बसतो आणि एक नळी मुकाट्याने बंद पडते. बाकीच्या नळ्या इमानाने पेरत राहतात, वरून सगळे ठीक दिसते, आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तास रिकामा जातो. तो मात्र अगदी सरळ असतो. म्हणून तपासणी रानातच हवी आणि पहिल्या फेरीतच हवी. ट्रॅक्टर धुऱ्यावर वळला की प्रत्येक नळीमागचा मीटरभर तास उकरायचा आणि दाणे मोजायचे. साधारण 28 दिसायला हवेत. एका मीटरवर निकाल देऊ नये, दोन-तीन जागी पाहावे. 20 च्या खाली येत असतील तर चाक किंवा चकती पाहायची, 35 च्या वर असतील तर खाच, आणि पाच एका जागी अन् मग वीतभर काही नाही असे असेल तर चालकाचा उजवा पाय. हे सगळे करायला जेमतेम तंबाखू मळून होण्याइतका वेळ लागतो, आणि तेवढा वेळ चालक तसाही घेतोच. त्यामुळे त्याची हरकत असण्याचे कारण नाही. डबी रिकामी असली तर मात्र आधी कोणाला तरी गावात पाठवावे लागेल.